इस्रायल-पॅलेस्टाईनचं भांडण सुरू कुठून झालं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या विषयावर तुमच्या पत्रांचा आणि मेसेजेसचा ढीग पडलाय आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की बातम्या रोज बघतो पण मूळ काय ते कुणी धड सांगत नाही. म्हणून आज फक्त मुळाबद्दल, म्हणजे साधारण १८८० ते १९५० एवढंच. १९६७ चं युद्ध, वेस्ट बँकमधल्या वसाहती, ओस्लो करार हे पुढे कधीतरी घेऊ, कारण पाया कळल्याशिवाय ते काही कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: ताई, ज्यू आणि मुस्लिमांचं हे भांडण दोन हजार वर्षांचं आहे असं लहानपणापासून ऐकतोय. धर्माचंच भांडण म्हटल्यावर ते मिटणार तरी कसं?

दोन हजार वर्षांपूर्वी इस्लामच नव्हता, त्यामुळे तो हिशोब तिथेच संपतो. ज्यूंचं त्या भूमीशी नातं मात्र खरंच तेवढं जुनं आहे, जेरुसलेमचं त्यांचं मंदिर रोमनांनी इसवी सन ७० मध्ये पाडलं आणि तेव्हापासून जगभरचे ज्यू प्रार्थनेत जेरुसलेमचं नाव घेत आलेत, ते कुणी खोटं ठरवू नये. पण १५१७ ते १९१७ अशी चारशे वर्षं तिथे ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं आणि त्या काळात जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद, तिबेरियास या गावांत ज्यू, मुस्लिम, ख्रिश्चन शेजारी राहत होते. सगळे समान होते असं म्हणणार नाही, गैरमुस्लिमांचा दर्जा दुय्यमच होता, अधूनमधून दंगेही झाले, पण 'ही जमीन कुणाच्या राष्ट्राची' असा वाद तिथे नव्हता.

तो वाद आला युरोपातून. १८८१ मध्ये रशियाच्या झारचा खून झाला, त्याचं खापर ज्यूंवर फोडलं गेलं आणि गावोगाव त्यांच्यावर हल्ले सुरू झाले, घरं लुटली, माणसं मारली. लाखो ज्यू पळाले, त्यातले बहुतेक अमेरिकेला गेले आणि अगदी थोडे १८८२ पासून पॅलेस्टाईनला यायला लागले. पुढे फ्रान्समध्ये, म्हणजे ज्या देशाने ज्यूंना सगळ्यात आधी नागरिक म्हणून मान्य केलं तिथे, १८९४ मध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या देशद्रोहाच्या केसमध्ये अडकवलं गेलं. व्हिएन्नाचा पत्रकार थिओडोर हर्झल याच काळात या मताला आला की आपल्याला आपला देश असल्याशिवाय सुटका नाही, आणि १८९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात त्याने पहिली झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे ज्यूंचा स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्यांची परिषद, भरवली. म्हणजे हे भांडण फार तर एकशे चाळीस वर्षांचं आहे, आणि ते तारीखवार सांगता येतं.

प्रश्न: पण तिथे वाळवंटच होतं ना? रिकामी जमीन होती, ज्यूंनी येऊन ती हिरवी केली असं वाचलंय.

रिकामी नव्हती, आणि हे सांगायला अरबांची साक्ष काढायचीही गरज नाही. अहाद हाअम नावाचा ज्यू विचारवंत, स्वतः ज्यूंच्या पुनरुत्थानाचा मोठा पुरस्कर्ता, १८९१ मध्ये तिकडे जाऊन आला आणि त्याने लिहिलं की पेरण्याजोगी पडीक जमीन इथे शोधून सापडत नाही. नेगेवचं वाळवंट होतं, किनाऱ्यालगत दलदल होती, मलेरिया होता, आणि नवीन आलेल्या ज्यू तरुणांनी त्या दलदली उपसताना जीव गमावले हेही खरंच आहे. पण डोंगरउतारांवर ऑलिव्ह होते, जाफाची संत्री युरोपात जात होती, शेकडो गावं नांदती होती.

आणि विरोधही पहिल्या दिवसापासून द्वेषाचाच होता असं नाही. जेरुसलेमचा माजी महापौर युसुफ अल-खालिदी याने १८९९ मध्ये फ्रान्सच्या मुख्य रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो की ज्यूंचा या भूमीवरचा ऐतिहासिक हक्क कोण नाकारेल, पण आता इथे दुसरी माणसं राहतात, तेव्हा देवासाठी पॅलेस्टाईनला शांत राहू द्या. रब्बींनी ते पत्र हर्झलला दिलं, हर्झलने उत्तर पाठवलं की ज्यू आले की पैसा येईल, तुमचाच फायदा होईल, आणि तुम्हाला घालवायचं कुणाच्या मनात आहे? तिथल्या माणसांचं स्वतःचं राजकीय म्हणणं काय असेल, याला त्या उत्तरात जागाच नव्हती. पुढची पन्नास वर्षं तिथे जे घडलं त्यात हाच दोष मला वारंवार दिसतो.

प्रश्न: स्पष्ट विचारतो. अरबांनीच पैसे घेऊन जमिनी विकल्या ना? मग नंतर तक्रार कसली?

विकल्या, आणि कायद्याने विकल्या. पण विकणारा कोण आणि घर सोडून जाणारा कोण हे बघा, म्हणजे सगळं उलगडतं. मला स्वतःला या वादाची नाडी इथेच सापडली म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑटोमन सरकारने १८५८ मध्ये कायदा केला की प्रत्येक जमीन कुणाच्या तरी नावावर रजिस्टर व्हायला पाहिजे. गावांत तर जमीन बऱ्याच ठिकाणी सामायिक असायची, दर थोड्या वर्षांनी वाटे फिरवून कसायची. शेतकऱ्यांना भीती वाटली की नाव लागलं की टॅक्स मागे लागणार आणि पोराला सैन्यात ओढून नेणार, म्हणून कित्येकांनी नोंदच केली नाही, कित्येकांनी शहरातल्या एखाद्या बड्या असामीचं नाव लावू दिलं, आणि बऱ्याच जमिनी सरकारने थेट श्रीमंतांना विकून टाकल्या. बैरूतचं सुरसुक घराणं, म्हणजे बडे ख्रिश्चन व्यापारी आणि सावकार, त्यांनी १८७० च्या सुमारास मर्ज इब्न आमिरमधल्या, म्हणजे आज ज्याला जेझ्रील खोरं म्हणतात तिथल्या, मोठमोठ्या जमिनी अशाच घेतल्या. कागदावर नाव बैरूतच्या मालकाचं आणि नांगर गावातल्या कुळाचा. मालक बदलला तरी कूळ हलत नसे, खंड फक्त दुसऱ्या दारी पोचवायचा.

ज्यू संस्थांनी जमीन घेतली तेव्हा पहिल्यांदा मालकाबरोबर कूळही बदललं. १९०१ मध्ये ज्यू नॅशनल फंड स्थापन झाला, त्याचा नियम असा की घेतलेली जमीन कायमची ज्यू समाजाची, ती परत विकायची नाही आणि भाड्याने दिली तर ज्यूलाच द्यायची. त्यात १९०४ नंतर जी तरुण मंडळी रशियातून आली, पुढे इस्रायलचा पहिला पंतप्रधान झालेला बेन-गुरियन त्यातलाच, ती समाजवादी विचारांची होती, त्यांचा आग्रह की ज्यूंच्या शेतात ज्यूंनीच घाम गाळायचा. यामागे नुसता द्वेष होता असं मला वाटत नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी पिढ्यानपिढ्या ज्यूंना शेती करू दिली नव्हती, आणि या पोरांना स्वस्त अरब मजुरांवर जगणारे मळेवाले व्हायचं नव्हतं, स्वतःच्या हातांनी उभं राहायचं होतं. पण त्या ध्येयाचा परिणाम असा झाला की अरब माणसाची जमीनही गेली आणि तिथली मजुरीही गेली.

१९१० मध्ये सुरसुकांनी अल-फुला गावची जमीन विकली तेव्हा नाझरेथचा ऑटोमन अधिकारी शुक्री अल-असली याने ते हस्तांतर अडवायचा जिवापाड प्रयत्न केला, पेपरात लेख लिहिले, पुढे ऑटोमन संसदेत निवडून गेल्यावर तिथेही हा विषय मांडला. व्यवहार तरी झालाच. मग १९२१ ते १९२५ च्या दरम्यान खोऱ्यातल्या उरलेल्या मोठ्या जमिनी विकल्या गेल्या आणि गावंच्या गावं उठली. काही कुळांना भरपाई मिळाली, पण रोख पैसा किती दिवस पुरणार, आणि शेतकऱ्याला जमीन सोडून दुसरं येतं काय? ही माणसं हैफाला गेली आणि पत्र्याच्या वस्त्यांत राहून गोदीत, रेल्वेत हमाली करायला लागली. पुढे इझ अद-दीन अल-कस्साम नावाच्या धर्मोपदेशकाने हत्यारबंद गट उभा केला आणि १९३५ मध्ये तो ब्रिटिशांच्या गोळीने मेला, त्याचे अनुयायी बहुतेक याच वस्त्यांमधले होते.

एक कटू गोष्ट पॅलेस्टिनींच्या बाजूचीही सांगायला हवी. भाषणांत जमीनविक्रीविरुद्ध गर्जना करणाऱ्या काही बड्या घराण्यांनी मागच्या दाराने स्वतःच्या जमिनी विकल्या. त्याची किंमत त्यांनी नाही, गरिबांनी मोजली.

ब्रिटिशांना हे सगळं दिसत नव्हतं असं नाही. १९३० मध्ये सर जॉन होप सिम्पसन यांच्या रिपोर्टात भूमिहीन झालेल्या शेतकऱ्यांबद्दल आणि फक्त ज्यू मजूर ठेवायच्या धोरणाबद्दल स्वच्छ लिहिलंय, सरकारने त्यावर नवीन धोरणही काढलं. मग लंडनमध्ये दबाव आला आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी झायोनिस्ट नेते वाइझमन यांना पत्र लिहून ते धोरण जवळजवळ मागे घेतलं. अरब त्याला 'काळं पत्र' म्हणायचे.

प्रश्न: पॅलेस्टाईन नावाचा स्वतंत्र देश कधी होता का?

नाही. तेव्हा सीरिया, इराक, जॉर्डन, लेबनॉन हेही नव्हते, सगळे ऑटोमन साम्राज्याचे प्रांत. स्वतंत्र देश नव्हता म्हणून तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचा हक्क संपतो असं कुठे असतं?

प्रश्न: ब्रिटिशांनी एकच जमीन दोघांना कबूल केली असं म्हणतात, ते खरं का? मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, जरा नीट सांगा.

दोघांना नाही, खरं तर तिघांना. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटिशांना जो मिळेल तो मित्र हवा होता. १९१५ मध्ये इजिप्तमधले ब्रिटिश हाय कमिशनर मॅकमहॉन यांनी मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रातून अरब राज्याचं आश्वासन दिलं, तुर्कांविरुद्ध उठाव करा म्हणून. त्यात वगळलेल्या भागाचं वर्णन इतकं गोलमाल होतं की पॅलेस्टाईन आत की बाहेर यावर पुढे वर्षानुवर्षं भांडण झालं. १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर गुपचूप सायक्स-पिको करार, त्यात हाच प्रदेश आपसात वाटून घेतला. आणि २ नोव्हेंबर १९१७ ला परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचं ब्रिटनमधले ज्यू पुढारी लॉर्ड रॉथशिल्ड यांना पत्र, की पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंसाठी 'राष्ट्रीय घर' उभारायला सरकारचा पाठिंबा आहे, मात्र तिथल्या 'बिगर-ज्यू' समाजांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागू नये.

तेव्हाच्या लोकसंख्येत दहापैकी नऊ अरब होते आणि त्या पत्रात त्यांचा उल्लेख 'बिगर-ज्यू' एवढाच, राजकीय हक्क हा शब्दच नाही. हे चुकून राहिलं असंही नाही. १९१९ मध्ये बाल्फोर यांनी स्वतःच्याच टिपणात लिहून ठेवलं की तिथल्या रहिवाशांची इच्छा विचारण्याचा देखावासुद्धा करायचा आमचा विचार नाही.

परीक्षेसाठी एक लक्षात ठेवा, या घोषणेला मंत्रिमंडळातल्या ज्या माणसाने कडाडून विरोध केला तो एडविन मॉन्टेग्यू, तेव्हाचा भारतमंत्री, माँटफर्ड सुधारणांमधला तोच. तो स्वतः ज्यू होता. त्याचं म्हणणं होतं की ज्यूंचा देश पॅलेस्टाईन असं ठरलं तर आपापल्या देशातले ज्यू परके ठरतील. त्याचं कुणी ऐकलं नाही.

पुढे १९२२ मध्ये लीग ऑफ नेशन्सने ब्रिटनला पॅलेस्टाईनचा मॅन्डेट, म्हणजे तिथला कारभार चालवायचा अधिकार, दिला आणि बाल्फोरचं आश्वासन त्या मसुद्यातच घातलं. त्याच वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या साधारण ७ लाख ५७ हजार आणि त्यात ज्यू ८४ हजारांच्या आसपास, म्हणजे ११ टक्के.

प्रश्न: हिंसा आधी कुणी सुरू केली?

१९२० ला जेरुसलेममध्ये आणि १९२१ ला जाफात मोठे दंगे झाले, दोन्ही वेळा अरब जमावाने ज्यूंवर हल्ले केले. १९२९ सगळ्यात भयानक. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीवरून, म्हणजे अल-अक्सा मशिदीच्या आवाराला लागून जी ज्यूंची पवित्र भिंत आहे तिच्यावरून, वाद पेटला, अफवा पसरल्या आणि हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. यातले बरेचसे जुने धार्मिक ज्यू होते, ज्यांचा झायोनिझमशी काही संबंध नव्हता, ज्यांच्या पिढ्या तिथे अरबांच्या शेजारी गेल्या होत्या. काही अरब घरांनी त्यांना लपवून वाचवलं हेही नोंदवलेलं आहे. त्या आठवड्यात एकूण १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले, अरब बरेचसे ब्रिटिश पोलीस-लष्कराच्या गोळीबारात. हेब्रॉनचं समर्थन कशानेच होत नाही. ज्यूंच्या मनात तिथून पक्कं बसलं की हत्यार हातात असल्याशिवाय आपण सुरक्षित नाही.

प्रश्न: ज्यूंना मारलं हिटलरने, मग त्याची भरपाई अरबांनी का करायची?

हा प्रश्न पॅलेस्टिनी तेव्हापासून विचारतायत आणि प्रश्न बरोबर आहे. फक्त त्याच्या शेजारी दुसरा प्रश्नही ठेवा, की त्या ज्यूंनी जायचं कुठे? अमेरिकेने १९२४ मध्ये कोटा लावून दार जवळजवळ बंद केलं होतं. १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावात ३२ देशांची परिषद भरली, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि बहुतेकांनी निर्वासित घ्यायला नकार दिला. हिटलर १९३३ ला सत्तेवर आला आणि एकट्या १९३५ मध्ये ६० हजारांहून जास्त ज्यू पॅलेस्टाईनमध्ये उतरले. जहाजातून उतरणारा जीव वाचवून आलेला असायचा, आणि धक्क्यावरून बघणाऱ्या अरबाला वाटायचं की आपण आपल्याच देशात अल्पसंख्य होतोय. मला यातल्या कुणालाच खोटं म्हणता येत नाही.

१९३६ मध्ये अरबांनी सहा महिन्यांचा संप केला, मग सशस्त्र उठाव झाला आणि तो १९३९ पर्यंत चालला. ब्रिटिशांनी तो फार क्रूरपणे मोडला, घरं उडवली, फाशी दिली, पुढाऱ्यांना सेशेल्स बेटांवर हद्दपार केलं. मुख्य नेता हाज अमीन अल-हुसेनी निसटला, आणि पुढे बर्लिनला जाऊन १९४१ मध्ये हिटलरला भेटला, नाझींसाठी प्रचार करत राहिला. पॅलेस्टिनींच्या बाजूचं याहून मोठं नुकसान दुसऱ्या कुठल्या नेत्याने केलं नसेल. इकडे ब्रिटिशांनी १९३९ मध्ये श्वेतपत्रिका काढून पुढच्या पाच वर्षांत फक्त ७५ हजार ज्यूंना येऊ देऊ असं जाहीर केलं, म्हणजे दार बंद केलं ते नेमकं त्या वर्षी. साठ लाख ज्यू मारले गेले.

प्रश्न: १९४७ मध्ये यूएनने फाळणीचा तोडगा दिला होता. ज्यूंनी घेतला, अरबांनी नाकारला. मग चूक कुणाची?

२९ नोव्हेंबर १९४७ चा ठराव, ३३ विरुद्ध १३ मतांनी पास झाला, १० देश तटस्थ. भारताने विरोधात मत दिलं. त्याआधी यूएनच्या चौकशी समितीत भारत होताच, आणि इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर त्याने वेगळी योजना मांडली होती की दोन स्वायत्त भागांचं एकच संघराज्य करा.

आता अरबांच्या जागी उभे राहून आकडे बघा. ज्यू सुमारे ६ लाख, म्हणजे एक तृतीयांश, त्यांच्या मालकीची जमीन जेमतेम ७ टक्के, आणि त्यांच्या राज्याला मिळणार ५५ टक्के भूभाग, नेगेवचं वाळवंट धरून. शिवाय त्या ज्यू राज्यात जवळजवळ निम्मे लोक अरबच राहणार होते. ज्यूंच्या बाजूने बघाल तर नाझींच्या संहारातून वाचलेले अडीच लाखांच्या आसपास लोक अजून युरोपातल्या छावण्यांत पडून होते आणि त्यांना नेणारं कुणी नव्हतं. नकार अन्यायाची जाणीव म्हणून मला समजतो. राजकारण म्हणून तो घातक ठरला, कारण १९३९ नंतर पॅलेस्टिनींकडे ना सैन्य उरलं होतं, ना नेते, ना पैसा, आणि शेजारच्या अरब राजांना प्रत्येकाला आपापला तुकडा हवा होता.

प्रश्न: १९४८ ला पॅलेस्टिनी स्वतःहून पळाले की हाकलले? घरात यावरून दोन तट पडलेत.

दोन्ही झालं, आणि गावागणिक वेगळं झालं. ठरावाच्या दुसऱ्याच दिवसापासून दोन्हीकडून बॉम्ब, गोळीबार, बसवर हल्ले सुरू झाले. ९ एप्रिल १९४८ ला जेरुसलेमजवळ देर यासीन गावात इरगुन आणि लेही या हत्यारबंद ज्यू गटांनी शंभरावर माणसं मारली, बायका-मुलं धरून. चारच दिवसांनी अरबांनी हदासा हॉस्पिटलकडे चाललेल्या ताफ्यावर हल्ला केला, डॉक्टर-नर्सेससकट ७८ जण गेले. देर यासीनची बातमी पसरली तशी गावं भीतीने रिकामी व्हायला लागली. हैफात ज्यू महापौर अरबांना थांबा म्हणून विनवत होता तरी लोक बोटींत बसून गेले. याउलट जुलैमध्ये लिद्दा आणि रामले या गावांतल्या हजारो लोकांना लेखी हुकमाने बाहेर काढलं, हुकमावर सही यित्झाक राबिनची, जो पुढे पंतप्रधान झाला. आणि त्याच महिन्यात नाझरेथमध्ये कमांडरने लोकांना हाकलायला नकार दिला, म्हणून तिथली अरब वस्ती आजही आहे.

१४ मे ला इस्रायलची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी अरब देशांची सैन्यं घुसली. पण त्याआधीच अडीच-तीन लाख पॅलेस्टिनींनी घर सोडलेलं होतं, युद्ध संपेपर्यंत आकडा ७ लाखांच्या वर गेला, चारशेहून जास्त गावं ओस पडली. तुमच्या घरातल्या दोन्ही तटांना एवढंच सांगेन की कोण कसा गेला यापेक्षा नंतर काय झालं ते महत्त्वाचं आहे. जवळजवळ कुणालाच परत येऊ दिलं नाही. बरीच गावं पाडली, आणि १९५० च्या कायद्याने त्यांच्या जमिनी 'गैरहजर मालकांच्या' म्हणून सरकारजमा केल्या.

प्रश्न: अरब देशांतून हाकललेल्या ज्यूंबद्दल कुणी का बोलत नाही?

बोलायलाच हवं. बगदादमध्ये १९४१ च्या जूनमध्ये दोन दिवस ज्यूंची कत्तल चालली होती. १९५०-५१ मध्ये इराकमधून सुमारे १ लाख २० हजार ज्यू नागरिकत्व आणि मालमत्ता गमावून इस्रायलला आले, येमेनमधून पन्नासएक हजार, पुढे इजिप्त, मोरोक्को, लिबियातूनही लाखो. त्यांची घरंदारं गेली, पिढ्यानपिढ्यांचं शहर गेलं. मात्र ती घरं हैफा-जाफाच्या पॅलेस्टिनींनी घेतलेली नव्हती, त्यामुळे एका अन्यायाने दुसरा फिटला असा हिशोब मला पटत नाही.

प्रश्न: या सगळ्यात गाझा कुठून आला?

१९४९ च्या फेब्रुवारीत इस्रायल आणि इजिप्तचा शस्त्रसंधी झाला तेव्हा इजिप्तच्या सैन्याच्या हातात जेवढी पट्टी उरली होती ती गाझा पट्टी. त्याआधी असा काही वेगळा प्रदेशच नव्हता, गाझा शहर आणि आजूबाजूची गावं मिळून एक जिल्हा होता. साधारण ४१ किलोमीटर लांब आणि ६ ते १२ किलोमीटर रुंद एवढ्या जागेत मूळचे ८० हजार लोक आणि त्यांच्यावर येऊन पडलेले सुमारे २ लाख निर्वासित. कित्येकांची शेतं रेषेच्या पलीकडे डोळ्यांसमोर दिसत होती, आपलंच पीक आणायला ते रात्री रेषा ओलांडायचे आणि गोळीला बळी पडायचे, काही हत्यारं घेऊनही जायला लागले, मग इस्रायलचे उलट हल्ले. यूएनने १९४८ च्या डिसेंबरमध्येच ठराव केला होता की ज्यांना शांततेने शेजारी राहायचंय त्यांना परत येऊ द्यावं, तो अमलात आला नाही. १९५० मध्ये यूएनच्या मदतसंस्थेचं काम सुरू झालं आणि जबालिया, खान युनिस, रफाच्या तंबूंच्या जागी हळूहळू विटांच्या खोल्या आल्या. आज गाझात राहणाऱ्यांपैकी जवळजवळ ७० टक्के लोक निर्वासित म्हणून नोंदलेले आहेत, म्हणजे १९४८ मध्ये पलीकडून आलेली माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं.